देवीपुढची बोथट तलवार

फरवानिया, कुवेत
१३ सप्टेंबर १९९०

दादा,

मायना काय लिहावा हे ठरवण्यात दोन कागद वाया गेले. आबांच्या दिवसकार्यानंतर आपण बोललो नाही, त्याला सोळा वर्षं झाली. 'सप्रेम नमस्कार' लिहिलं तर खोटं वाटेल, 'तीर्थस्वरूप' लिहिलं तर तू हसशील. म्हणून नुसतं दादा.

मी सुखरूप आहे. कागदाची दुसरी बाजू बघू नकोस, ते आमच्या लॅबचे रक्ततपासणीचे फॉर्म आहेत. दुसरा कागद मिळत नाही. अठ्ठ्याहत्तर साली इथं आल्यापासूनच्या माझ्या बारा डायऱ्या मी गेल्या महिन्यात मोरीत जाळल्या. इराकी सैनिक घरं तपासतात, आणि मराठी अक्षर म्हणजे गुप्त लिपी नव्हे हे त्यांना कोण पटवणार? डायऱ्या गेल्या, पण लिहायची खोड गेली नाही. पोस्ट बंद आहे. बसरा-बगदादवरून अम्मानला जाणाऱ्यांच्या हाती पत्रं द्यायची, असं चाललं आहे. तीस तारखेच्या बसच्या यादीत माझं नाव आहे, माझ्याबरोबर राहणाऱ्या शरीफाचंही आहे. शरीफा आमच्याच हॉस्पिटलात नर्स आहे. नागपट्टणमकडची.

हॉस्पिटलचं सामान बगदादला न्यायचं म्हणून इथं नेमलेले इराकी कॅप्टनसाहेब याद्या करतात. सोमवारी त्यांनी स्टोअरमधली कपाटं उघडली. लॅबचे पाच मायक्रोस्कोप तिथं कुलपात ठेवलेले होते. पाचही जागेवर होते, पण एकालाही लेन्स नव्हती. प्रत्येकाच्या चार, म्हणजे वीस लेन्स गेल्या. किल्ली अशरफकडे असते. अशरफ आमचा स्टोअरकीपर, औरंगाबादचा, पन्नाशीचा, सतत थट्टा करणारा. त्याला दोनदा बोलावून विचारलं. दुसऱ्यांदा परत आला तेव्हा म्हणाला, "रेखाबाई, तुम्हारी मशीनें अंधी हो गईं. मेरे को पूछते, चश्मा कहाँ रखा." सगळे हसले. मीही हसले.

मला कुणी काही विचारलं नाही. इथं बायकांना विचारत नाहीत.

हे सगळं सांगायला पत्र लिहायला घेतलं नव्हतं. परवा शरीफानं एक कॅसेट लावली. बाहेर फिरायला बंदी होती, पडदे ओढलेले, आवाज अगदी बारीक. जुना तमिळ सिनेमा, 'पवळमलै वीरन.'

दादा, मी तो सिनेमा आजवर बघितला नव्हता. तू बघितलास का?

शरीफानं लहानपणी तंबूतल्या टॉकीजमध्ये सात वेळा बघितला आहे. बहिणींशी मुसळानं त्यातली शेवटची लढाई खेळायची म्हणे. किल्ल्याच्या पायऱ्यांवरची. ती मला सांगत होती की आता बघ, आता हिरो मुखवटा चढवेल, आता उडी. हिरोनं मुखवटा चढवला आणि पुढच्या क्षणी त्याचा डावा खांदा किंचित खाली आला. मी ओळखला. मुखवट्याआड हिरोच्या जागी आबा होते. समोर काळ्या झग्यात शंकरअण्णा. शरीफानं कॅसेट थांबवली आणि म्हणाली, "या काळ्या झग्यातल्या माणसाचे ओठ बघ. वार करताना हा कुठलातरी मंत्र म्हणतो. लहानपणी आम्ही खूप डोकं लढवलं, पण कळला नाही."

मी म्हटलं, मंत्र नाही तो. मोजतोय. मराठीत. एक, दोन, पलटी.

तिनं कॅसेट पुढे सरकवली. 'तीन'साठी शंकरअण्णांचे ओठ उघडतात आणि तिथंच चित्र तुटतं. एकदम हिरोचा हसरा चेहरा येतो. शरीफानं टाळी वाजवली. तंबूत सगळे इथंच टाळ्या वाजवायचे म्हणाली.

तुला कसं माहीत, असं तिनं विचारलं. माझ्या वडिलांनी ही लढाई बसवली, एवढंच मी सांगितलं. बाकीचं सांगितलं नाही.

रेखा


१७ सप्टेंबर १९९०

दादा,

पहिलं पत्र अजून माझ्याजवळच आहे. नेणारा माणूस मिळाला होता, पण मी दिलं नाही. का, ते अजून मला सांगता येत नाही.

कॅप्टनचा अशरफवरचा संशय पक्का झाला आहे. स्टोअरच्या रजिस्टरात दोन तारखेनंतर कपाट उघडल्याची नोंद नाही, आणि कुलूप फोडलेलंही नाही. म्हणजे किल्लीनंच उघडलं. किल्ली कुणाला दिली होती? अशरफ म्हणतो, कुणालाच नाही. मायक्रोस्कोप बगदादला गेले नाहीत तर कॅप्टनला वर जाब द्यावा लागणार, आणि असा जाब देणाऱ्याला आधी कुणाला तरी पकडून दाखवावं लागतं. शनिवारी कुणीतरी म्हणालं, दुसऱ्या एका हॉस्पिटलात अशाच कारणावरून एकाला नेलं, तो परत आलाच नाही. खरं-खोटं कळायला मार्ग नाही.

शरीफा मात्र रोज संध्याकाळी त्या सिनेमाबद्दल विचारते. भीती वाटते तेव्हा ती जास्त बोलते, मी कमी. तिला सांगता सांगता मलाच एकेक आठवत गेलं. सेलमजवळचा तो स्टुडिओ. बांबूवर गोणपाट ताणून वर प्लास्टर फासलेला किल्ला. वारा सुटला की त्याची भिंत पोटासारखी फुगायची आणि दिग्दर्शक ओरडायचा, किल्ला धरा. गर्दीतल्या सैनिकांच्या लाकडी तलवारींना चंदेरी कागद लावलेला असायचा. घामानं तो सुटून तळव्यांना चिकटायचा आणि संध्याकाळी शंभर माणसं चांदीच्या हातांनी घरी जायची. शरीफा यावर खूप हसली. पोलादी तलवारी आठच होत्या, जवळून दिसणाऱ्या लढाईसाठी. सगळ्या बोथट. ठिणग्या हव्या असतील तर बाहीतून तार नेऊन बॅटरी जोडायची.

आई गेल्यावर कोल्हापुरात एकटी कुठं ठेवायची म्हणून आबांनी मला तिकडं नेलं. तुला नेलं ते मदतीला. तू एकोणीस, मी सोळा. प्रत्येक शॉटआधी आठही पात्यांवरून अंगठा फिरवून बघायचं काम तुझं. कुठं खाच पडली, कुठं धार निघाली, ते तुझ्या अंगठ्याला कळायचं. आबा मर्दानी खेळातले पवित्रे मोजून शिकवायचे आणि तिकडचे फायटर 'एक, दोन, पलटी' असं घोकत चहा प्यायचे. शंकरअण्णा सगळ्यांत तयार. आबांना 'वस्ताद' म्हणायला पहिल्यांदा तेच शिकले. माझ्या हातची आमटी भुरकताना म्हणायचे, "तीन वाटी, पलटी."

तुझं माप घ्यायला शिंपी आला होता, ते मी शरीफाला सांगितलं नाही. पुढच्या सिनेमात हिरोचा डुप्लिकेट तू होणार होतास. निळ्या मखमलीचा अंगरखा. शिंपी म्हणाला होता, छाती हिरोपेक्षा एक बोट जास्त आहे, श्वास सोडून उभा राहा.

आज दुपारी अशरफ लॅबच्या दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही. थट्टाही केली नाही. थोडा वेळ बघत राहिला आणि गेला.

रेखा


२० सप्टेंबर १९९०

दादा,

काल अशरफला नेलं. काल घटस्थापना होती.

दोन शिपाई आणि कॅप्टन. आम्हाला सगळ्यांना स्टोअरसमोर उभं केलं होतं. कॅप्टननं इंग्रजीत शेवटचं विचारलं, किल्ली कुणी नेली? अशरफ माझ्यापासून चार हातांवर होता. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, हे मला नीट आठवतं. मी त्याच्याचकडे बघत होते. तो म्हणाला, "किसी को नहीं दी, साब."

किल्ली मला दिली होती.

आता लिहिलंच आहे तर पुरतं लिहिते. सहा तारखेला मी त्याच्याकडे कापूस हवा म्हणून किल्ली मागितली. तो पोळी खात होता. म्हणाला, "ले जाव बाई, रजिस्टर में बाद में लिखेंगे." ते 'बाद में' राहून गेलं. मी कपाट उघडलं, वीस लेन्स काढल्या, एकेक कापसात गुंडाळली आणि घरी येऊन तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी ठेवली. शरीफालाही माहीत नाही. तिनं दोनदा त्याच डब्यातली डाळ शिजवली आहे.

का केलं? बारा वर्षं मी त्या मायक्रोस्कोपवर बसले. लेन्स नसल्या तर ते नेणार नाहीत, युद्ध संपेल, मी परत येऊन बसवीन, असं वाटलं. हे शौर्य होतं का? मी स्वतःला बरेचदा विचारलं आहे. मला वाटतं, राग होता. आणि आपण काहीतरी चांगलं करतोय याची धुंदी. आपल्या या चांगल्या कामाखाली कुणाची मान येईल, हे मी बघितलंच नाही. किल्ली कुणाकडे असते ते मला ठाऊक होतं, दादा. पण त्या वेळी ते मनात आलंच नाही.

तीस तारखेला अजून दहा दिवस आहेत. बसमध्ये बसले तर मला कुणी कधी विचारणार नाही.

हे पत्र दिवसा लिहिते आहे. जिन्यात पावलं वाजली की कागद पिठाच्या पिशवीत खुपसते. आता एवढंच.

रेखा


२५ सप्टेंबर १९९०

दादा,

अशरफ जिवंत आहे. ड्यूटीवरच्या एका शिपायानं शरीफाला सांगितलं, तळघरात ठेवलं आहे. परवा त्याला रक्त आलं तेव्हा पट्टी बांधायला तिलाच नेलं होतं. ती घरी येऊन बराच वेळ हात चोळत बसली. मग म्हणाली, "शुक्रवारी त्याला बसऱ्याला पाठवणार आहेत. तिथून कुणी येत नाही. त्याला म्हटलं, नाव सांगून टाका. तर तो म्हणतो, कुणाचं सांगू?"

मी डाळ निवडत होते. निवडत राहिले.

शुक्रवार म्हणजे अठ्ठावीस तारीख. भिंतीवरच्या कॅलेंडरात बघितलं. खंडेनवमी.

आता ती दुसरी गोष्टही सांगते. पहिलं पत्र मी कुणाच्या हाती दिलं नाही, कारण ही गोष्ट त्यात नव्हती आणि तिच्याशिवाय ते पत्र म्हणजे नुसती गप्पागोष्ट होती.

खंडेनवमीला आबांनी स्टुडिओत आठही तलवारी पूजेला मांडल्या. तिकडच्या लोकांचीही आयुधपूजा त्याच दिवशी, म्हणून कॅमेऱ्यालाही हार घातला होता. आबांचा नियम तुला ठाऊकच आहे. हत्यारं एकदा देवीपुढं बसली की दुसऱ्या दिवशी उठेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. कुंकू लावून झाल्यावर आबा मागं सरकले आणि स्वतःशीच म्हणाले, "देवीपुढं बोथट हत्यार म्हणजे उपाशी माणसापुढं रिकामं ताट."

तू तेव्हा नारळ आणायला गेला होतास. मी ऐकलं.

दुपारी सगळे झोपले. मी मधली, मोराच्या मुठीची तलवार उचलली, ती आबांची स्वतःची. तू विळी पाजवायचास तोच दगड घेतला. तास-दीड तास घासत होते. तुझं बघून बघून मला येत होतं, तुझ्याहून बरं येत होतं. आठही करायच्या होत्या, पण एकीतच हात भरून आला. पुसली, पुन्हा कुंकू लावलं, होती तशी ठेवली. आबांना दिसेल, ते म्हणतील हे कुणी केलं, मग मी सांगेन, असं मनात होतं. मुलीनं हत्याराला हात लावलेला त्यांना चालत नव्हता. म्हणून आधी कौतुक व्हावं आणि मग सांगावं, असा माझा हिशेब.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. शेवटच्या लढाईचा पहिला शॉट मुहूर्तावरच घ्यायचा, असा निर्मात्याचा हट्ट. तलवारी पूजेतून उठवून कुंकवासकट सेटवर न्यायच्या. तू अंगठा फिरवला नाहीस, कारण फिरवला असता तर कुंकू पुसलं असतं.

एक, दोन, पलटी. तीनला आबांचा वार मनगटावर यायचा आणि शंकरअण्णा तो चामड्याच्या पट्ट्यावरून घसरवायचे. शंभरदा घसरवला होता. त्या दिवशी चामडं कागदासारखं उघडलं. शंकरअण्णांनी हाताकडे नाही, आबांकडे बघितलं. नवल वाटल्यासारखं. त्यांच्या उजव्या हाताची मूठ पुन्हा कधी मिटली नाही.

आबांनी सगळ्या युनिटसमोर तुला म्यानानं मारलं. तू एकदाच बोललास. "हात फिरवायचा ऱ्हायला, आबा. चूक माझी."

त्या वाक्याला मी एकोणतीस वर्षं धरून बसले, दादा. त्यानं स्वतःच कबूल केलं की, असं म्हणत. कुणी मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असंही म्हणत आले. विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. तलवारीच्या गोष्टीत मुलीला काय विचारणार? निळा अंगरखा शिंप्यानं दुसऱ्याच्या मापाचा केला. तू परत येऊन सायकलींची पंक्चर काढायला बसलास आणि तुझ्यासाठी ठेवलेली आबांची सगळी हौस माझ्या कॉलेजकडे वळली. बी.एस्सी.ला मी पहिल्या वर्गात आले तेव्हा तू पेढे आणले होतेस.

आणि आबा गेले तेव्हा शंकरअण्णा एवढ्या लांबून कोल्हापूरला आले होते. डाव्या हातानं नमस्कार केला. तेराव्याला तू मला परसात बोलावलंस आणि म्हणालास, "रेखा, तुला काय सांगायचंय का? शंकरअण्णा आहेत तोवर सांग."

मी म्हटलं, नाही.

त्यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस. मला वाटायचं, मी तेव्हापासूनच परदेशी नोकरीला जायचं म्हणत होते म्हणून तू रागावलास.


२८ सप्टेंबर १९९०, सकाळ

दादा,

काल नोकरीवरून आल्यावर मी डबा उपडा केला. शरीफा बघत होती. डाळीतून एकेक कापसाची गाठ निघाली तेव्हा ती खाली बसली. सगळं सांगितलं. लेन्सचं आणि तलवारीचंही. तिनं आधी लेन्सबद्दल विचारलंच नाही. म्हणाली, "म्हणजे मी सात वेळा टाळी वाजवली ती तिथं?"

मग चिडली. म्हणाली, आता कबूल केलंस तर दोघांना नेतील. एकाचे दोन होतील, यात कसला धर्म? लेन्स खाडीत टाक आणि परवा बसमध्ये बस. तिचं म्हणणं चूक आहे असं मला तेव्हा सिद्ध करता आलं नाही. अजूनही येत नाही. फक्त एवढं माहीत आहे की परसातल्या त्या 'नाही'पाशी मी दुसऱ्यांदा उभी आहे.

आज उजाडताच लेन्स पुसायला बसले. डाळीची पूड बसली होती. पुसता पुसता नखांत करडा मळ गेला आणि एकदम आठवलं. शंकरअण्णांना दवाखान्यात नेलं त्या संध्याकाळी मी तुला वाढत होते. तुझी पाठ सुजली होती, भिंतीला टेकता येत नव्हतं. भाकरी वाढताना तू माझा हात धरलास. बोटं उलटी केलीस, नखं बघितलीस. कालचा काळा लगदा होता त्यांत, दगडाचा आणि पोलादाचा. हात सोडून म्हणालास, "हात नीट धूत जा, रेखा."

एकोणतीस वर्षं मला वाटत होतं, तू स्वच्छतेबद्दल बोललास.

तुला तेव्हापासून माहीत होतं. आबांना सांगितलं नाहीस, शंकरअण्णांना सांगितलं नाहीस. तू फक्त माझी वाट बघितलीस. तेरा वर्षं बघितलीस आणि मग एकदा विचारलंस.

अशरफलाही माहीत आहे. तोही वाट बघतोय की काय, या विचारानं मला बसवत नाही.

ही सगळी पत्रं शरीफाच्या पिशवीत ठेवली आहेत. ती परवा निघेल. तिच्याकडे तुझा पत्ता दिला आहे. लेन्स कापसात आहेत. प्रत्येकीच्या कापसावर चिठ्ठी लावून, कुठल्या मायक्रोस्कोपची ती, त्याचा नंबर मी काढतानाच घातला होता. निघते.

रेखा


कुवेत
१६ मार्च १९९१

दादा,

शरीफानं ती पत्रं टाकली का, तुला मिळाली का, मला काहीच माहीत नाही. इथं दुपारी बारालाही दिवा लावावा लागतो. तेलविहिरी जळताहेत, दोरीवर वाळत घातलेला पांढरा कोट संध्याकाळी राखाडी होतो. उद्या एक भारतीय डॉक्टर मुंबईला निघताहेत, त्यांच्याजवळ हे देते.

त्या शुक्रवारचं सांगते. कॅप्टननं आधी माझ्यावर विश्वासच ठेवला नाही. मला बघून हसला. म्हणाला, त्या माणसानं बायकोला पाठवायचं सोडून लॅबवालीला पाठवलं. मी म्हटलं, मायक्रोस्कोप आणवा. आणले. मी गाठी सोडून वीसच्या वीस लेन्स, नंबराप्रमाणे, ज्याच्या त्याला बसवल्या. एकही आटा चुकला नाही. तो कापसावरचे नंबर वाचत राहिला. शेवटी म्हणाला, "चोर नंबर घालत नाही."

नंतरचे दोन तास मी तुला लिहिणार नाही. मारलं नाही. पण दर वेळी दार उघडलं की आता मारतील असं वाटायचं, ते पुरेसं होतं. संध्याकाळी त्यानं माझा पासपोर्ट ड्रॉवरमध्ये टाकला आणि सांगितलं, सगळे मायक्रोस्कोप तूच पेट्यांत बांधायचे, एक जरी फुटला तर तुझी जबाबदारी. मी बांधले. नीट बांधले. वाईट बांधायला मला येत नाही, याची त्या दिवशी लाज वाटली. ते बगदादला गेले. म्हणजे ज्यासाठी केलं होतं ते वाचलं नाहीच.

तीस तारखेची बस माझ्याशिवाय गेली. शरीफानं खिडकीतून मला डाळीचा रिकामा डबा दाखवला. हसली की रडली ते काचेतून कळलं नाही.

अशरफला त्या शुक्रवारीच रात्री सोडलं. चालत आला. डाव्या कानानं त्याला ऐकू येत नाही, अजूनही नाही. त्यालाही जाता आलं नाही. कॅप्टननं दोघांनाही रोज हजेरी लावली होती, जानेवारीत बॉम्ब पडायला लागले तोपर्यंत. त्या सगळ्या महिन्यांत आम्ही एकाच तळघरात बसून भात शिजवला. तो माझ्याशी बोलायचा, वाढलेलं खायचा, पण थट्टा करायचा नाही. मी माफी मागितली की मान दुसरीकडे वळवायचा, बहिरा कान माझ्याकडे करून.

गेल्या आठवड्यात वीज आली, थोडा वेळ. मी कॅसेट लावली. शरीफानं ती माझ्यासाठी ठेवून दिली होती. अशरफ दारात उभा राहून बघत होता. 'तीन'ला चित्र तुटलं आणि हिरो हसला, तेव्हा मी त्याला पुढं काय झालं ते सांगितलं. उजव्या कानाशी, सगळं. तुझ्या नावासकट.

मग म्हणाला, "मेरे वास्ते नौ दिन लगे तुमको, रेखाबाई."

मी म्हटलं, हो. भावाच्या वेळी एकोणतीस वर्षं लागली.

"फिर तो," तो म्हणाला, "तरक्की है." सहा महिन्यांतली त्याची पहिली थट्टा. ती माफी होती असं मी धरलेलं नाही.

पासपोर्ट मिळाला नाही, पण एम्बसीनं कागद द्यायचं कबूल केलं आहे. महिनाभरात निघेन. शंकरअण्णा असतील तर आधी सेलमला जाईन, तुझ्याकडे नंतर. हा क्रम मला बरोबर वाटतो, तुला कसा वाटेल माहीत नाही.

तुझ्या दुकानाशी येऊन उभी राहीन. ही पत्रं पोहोचली असोत, नसोत, तुला सगळं माहीत असो, नसो. मला परसात बोलाव आणि तेच पुन्हा एकदा विचार.

रेखा